जेवून घ्या

आमच्या क्वार्टरांच्या लाईनीत सकाळी दहानंतर कोणी कोणाला भेटलं की एकच प्रश्न विचारला जायचा. समोरच्या क्वार्टरातल्या मिश्रा चाची फाटकावर हात ठेवून विचारायच्या, "खाना हो गया?" पलीकडच्या बंगाली काकू त्यांच्या भाषेत भाताची चौकशी करायच्या. जवळच्या खेड्यातून डोक्यावर टोपली घेऊन येणारी सुखबती लालभाजीच्या जुड्या पायरीवर मांडता मांडता मायला म्हणायची, "बासी खाए हस, दीदी?" बासी म्हणजे रात्रीचा पाण्यात ठेवलेला भात. तो खाऊन घर सोडलं की सुखबतीचा दिवस सुरू व्हायचा, त्यामुळे जगातल्या सगळ्याच बायका सकाळी बासी खातात असं तिला वाटत असावं. आणि आमची माय या सगळ्यांना, समोरच्याला मराठी येतं की नाही याचा विचार न करता, विचारायची, "जेवले काय?" खुर्सीपारच्या त्या लाईनीत निम्म्या भारताची माणसं राहत होती, आणि एकमेकांच्या बाकी गोष्टी कळो न कळो, हा प्रश्न सगळ्यांना कळायचा. उत्तर ऐकायला कोणी थांबत नसे. हो म्हणायचं आणि पुढे जायचं.

माय मात्र थांबायची. तिच्या लेखी 'जेवलं' हा शब्द उगीच कुठेही वापरायचा नव्हता. खाली बसायचं, पुढ्यात ताट हवं, ताटात भात हवा आणि वाढायला दुसरं कोणीतरी हवं. एवढं जमलं तर माणूस जेवला. बाकी सगळं खाणं. सकाळचे पोहे खाणं, उपासाची उसळ खाणं, ओट्यापाशी उभ्याने तोंडात टाकलेली पोळी तर खाणंही नव्हे. बाबांनी बोनस मिळाला तेव्हा आम्हाला सिविक सेंटरच्या हॉटेलात नेऊन मसाला डोसा खाऊ घातला होता. मी दोन खाल्ले, धाकट्या विजूने एक आणि माझ्यातला अर्धा. पोट असं तट्ट फुगलं होतं की परतताना सायकलच्या दांड्यावर विजूला नीट बसवेना. घरी आल्यावर मायने लुगड्याचा पदर खोचला आणि भाताला आधण ठेवलं. बाबा म्हणाले, अगं आता कोण जेवणार? ती म्हणाली, "खाल्लं ना फक्त. लेकरं बिनजेवल्यानं झोपतीन काय?" आणि आम्ही तिघंही निमूटपणे दोन दोन घास वरणभात जेवलो, तिचा शब्द राहावा म्हणून.

हे सगळं लिहिताना मला हसू येतं. माझी नात मोबाइलवरून जेवण मागवते आणि पलंगावर मांडी घालून डब्यातूनच खाते. मी विचारलं, जेवलीस का, तर म्हणते, "आजी, कर लिया." काय केलं ते विचारायची सोय नाही.

आमचं क्वार्टर दोन खोल्यांचं, मागे छोटं आंगण, आंगणात पेरूचं झाड आणि कपडे वाळत घालायची तार. वारा पोलादाच्या प्लांटकडून आला की तारेवरच्या पांढऱ्या कपड्यांवर तांबूस धूळ बसायची. मायचा त्यावर राग होता, पण वर्षानुवर्षांच्या ओळखीचा झालेला. बाबा भंडारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आलेले, धानाची शेती तिघा भावांत पुरेना म्हणून. प्लांटमध्ये त्यांची ड्यूटी आठवड्याआठवड्याने बदलायची. आमच्या घराचं घड्याळ भिंतीवर नव्हतंच, ते प्लांटच्या भोंग्यात होतं. ए शिफ्ट, म्हणजे सकाळी सहा ते दुपारी दोन, असली की माय पहाटे चारला उठायची. तीन पुडांचा पितळी टिफिन होता: खालच्या पुडात भात, मधल्यात वरण किंवा लाखोळीच्या डाळीचं पिठलं, वरच्यात पोळ्या आणि भाजी. सायकलींचा लोंढाच्या लोंढा प्लांटच्या फाटकाकडे जायचा, घंट्या वाजायच्या, आणि त्यातली आपल्या बाबांची घंटा मला अंथरुणातून ओळखू यायची. निदान मला तसं वाटायचं.

बाबा टिफिन कधी पुरता रिकामा आणत नसत. वरच्या पुडात पोळीचा एक तुकडा उरवून आणायचे, बोटभर भाजी लावलेला. अन्नाचं भांडं रिकामं घरी आणू नये असं त्यांच्या आईने शिकवलं होतं म्हणे. तो तुकडा दिवसभर प्लांटच्या उष्णतेत राहून कडक झालेला असायचा, त्याला एक विचित्र वास यायचा, आणि मला नि विजूला तो जिलेबीपेक्षा गोड लागायचा. फिरून आलेली पोळी, असं आम्ही तिला म्हणायचो. तिच्यासाठी आमची मारामारी व्हायची. दुपारी अडीचला बाबांची सायकल भिंतीला टेकली की आम्ही आधी टिफिन उघडायचो, मग बाबांकडे बघायचो.

मग बाबा हातपाय धुऊन पुन्हा जेवायला बसायचे. प्लांटमध्ये अकराला डबा खाल्लेला असायचा, तरी घरी आल्यावर ताट वाढून घ्यायचंच, कारण ते उठल्याशिवाय माय जेवत नसे. त्यांच्याच उष्ट्या ताटात ती जेवायला बसायची. लग्न झाल्यापासून तशीच. बाबांना ते फारसं आवडत नव्हतं. ते म्हणायचे, मी कधी रात्री साडेदहाला येतो कधी अडीचला, तू कावून उपाशी मरते? ती ऐकून घ्यायची आणि आपलंच करायची. सोमवारी तर एकच वेळ. रविवारच्या रात्री जेवली की सोमवारी बाबा येऊन उठेपर्यंत पाणी आणि चहा. ज्या वर्षाचं मी लिहिते आहे त्या वर्षी दोन महिने आधी तिच्या पोटाचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरने बजावलं होतं की पोट रिकामं ठेवायचं नाही. एकदा ती आंगणात चक्कर येऊन पडलीही होती. तरी सोमवार सोडला नाही.

आता या शब्दाचा दुसरा वापर सांगायला हवा. तो आम्हा मुलांना कोणी शिकवला नव्हता, ऐकून ऐकून कळला होता. आमच्या लाईनींत कोणाच्या घरचा माणूस गेला, आणि घरच्यांना ते अजून ठाऊक नसलं, तर सांगायला गेलेला माणूस आधी सांगत नसे. आधी जेवू घालत असे. कारण एकदा सांगितलं की त्या घरची चूल बंद. गावाकडून भाऊबंद रेल्वेने येणार, मग नेणार, मग आंघोळी, आणि तोवर बाईच्या तोंडात पाण्याचा थेंब जायचा नाही. म्हणून काहीतरी साधं कारण काढून तो माणूस म्हणायचा, जेवून घ्या. घरातली जेवून हात धुतील तोवर बाहेर बसायचा. यात कोणालाही काही वाईट दिसत नव्हतं. उलट ज्याला हे नीट करता यायचं त्याला लोक मानायचे.

बाबांनीही हे एकदा केलं होतं. त्यांच्या सोबतचा एक माणूस सायकलवरून पडून जागीच गेला, तेव्हा त्याच्या घरी बाबाच गेले होते. परत आल्यावर बराच वेळ आंगणात बसून राहिले. मी पेरूखाली अभ्यास करत होते. ते मायला सांगत होते की बाई पोटभर जेवली, मगच सांगितलं. माय तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "तिले समजलं असन." बाबा म्हणाले, "नाही समजलं. समजलं असतं तं घास उतरला असता काय?" माय तांदूळ निवडत राहिली. खडा सापडला असावा, तो तिने बाजूला टाकला.

ज्या दिवसाचं मी सांगते आहे तो सोमवार होता आणि बाबांची ए शिफ्ट होती. मी दहावीत होते, पोटात दुखत होतं म्हणून शाळेत गेले नव्हते. विजू साडेबाराला शाळेतून आला, दप्तर फेकून पोहे खाल्ले आणि समोर गोट्या खेळायला गेला. मायने वांग्याची भाजी केली होती, वरण शिजवून ठेवलं होतं, भात बाबा आले की गरम करायचा म्हणून पातेल्यावर झाकण घालून ठेवला होता. जवसाची चटणी मी कुटली होती. माय पलंगावर आडवी झाली होती, डोळ्यांवर हात घेऊन. सोमवारी दुपारी तिचं डोकं दुखायचं. फाटक वाजलं तेव्हा एक वाजून गेला असेल. मी बाहेर आले तर देवाजी काका उभे.

देवाजी काका बाबांच्याच गावच्या बाजूचे, त्यांच्याच शिफ्टचे. सुटीच्या दिवशी आमच्याकडे येऊन ओट्यावर बसून तंबाखू मळायचे, मोठ्याने हसायचे. त्या दिवशी त्यांनी बूट फाटकातच काढले. आत डोकावून मायला म्हणाले, "वहिनी, दादाले डबल लागली. रिलीवर नाही आला. मीच सांगतो म्हटलं." बदलीचा माणूस आला नाही की डबल लागायची, लागोपाठ दुसरी शिफ्ट, आणि बाबा रात्री दहानंतरच येणार, हे नेहमीचं होतं. अशा वेळी माय दुसरा टिफिन भरून द्यायची. ती उठून बसली आणि टिफिनचं विचारू लागली, तर काका म्हणाले, नको, तिकडेच झालं त्यांचं, कॅन्टीनात. मग म्हणाले, "तुमी जेवून घ्या, वहिनी. दादानं सांगतलं हाय. सोमवार हाय न तुमचा."

मग त्यांनी पाणी मागितलं. मी तांब्या घेऊन मागच्या आंगणात गेले, कारण ते तिकडेच जाऊन उभे राहिले होते. त्यांनी पाणी प्यायलं नाही. तांब्या हातात धरून पेरूच्या झाडाकडे बघत त्यांनी मला सांगितलं. हळू आवाजात, जसं एखादं काम सांगावं तसं. बाबा अकरा वाजता जेवायला बसले होते. हात धुऊन आले, टिफिन उघडला, पहिलं पूड काढून ठेवलं आणि छातीला हात लावून बाजूला कलले. दवाखान्यात नेलं, पण काही उरलं नव्हतं. "सुमे, तू मोठी हायस. मायले पहिले जेवू दे. सोमवार, त्यात ऑपरेशन झालेली. उद्या दुपारपर्यंत गावची मानसं येतीन तवा नेनं होईल. तोपर्यंत तिच्या पोटात काही नाही जायचं. मरून जाईन ते. मी इथंसा बसतो. तिनं हात धुतले का मले आवाज दे."

मी रडले नाही. रडायला वेळ नव्हता, असंच मला आठवतं. चेहरा धुतला, पदराला पुसावा तसा फ्रॉकच्या घोळाला पुसला आणि आत गेले. भात गरम करायला ठेवला. काडी तीनदा विझली. माय दाराशी येऊन उभी राहिली. तिने माझ्याकडे पाहिलं, मागच्या दाराकडे पाहिलं, तिथून काकांची पाठ दिसत होती. मग तिने विचारलं, "तुझे बाबा जेवले?"

खाल्लं का असं तिने विचारलं असतं तर मला कदाचित सोपं गेलं असतं. पण तिने तिचा शब्द विचारला, आणि त्या शब्दाला आमच्या घरी काय किंमत होती ते मला ठाऊक होतं. मी म्हणाले, "हो माय. जेवले."

ती वळली. हात धुऊन आली. फळीवरून बाबांचं ताट काढलं, काठाला पोचा आलेलं ते मोठं पितळी ताट, आणि स्वतःच पाट मांडून बसली. ते ताट कोरं असताना, बाबांच्या आधी, ती त्यात कधीच जेवली नव्हती. विजूला हाक मारली, तोही येऊन तिच्या शेजारी बसला. मी वाढलं. भात, वरण, वांग्याची भाजी, काठाशी चटणी. तिने एक घास ताटाबाहेर ठेवला, पाणी फिरवलं आणि जेवायला लागली.

त्या जेवणाइतकं लांब काही माझ्या आयुष्यात झालं नाही. ती घास नीट कालवत होती. चावत होती. मी उकिडवी बसून तिच्या तोंडाकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, जेव माय, लवकर जेव. आणि मग वाटायचं, लवकर नको. बाहेर काकांच्या खोकल्याचा आवाज आला. विजू मास्तरांची नक्कल करून दाखवत होता, माय मान हलवत होती. तिचा भात संपला. मला वाटलं, आता उठेल. तिने ताट माझ्याकडे थोडं सरकवलं आणि म्हणाली, "आनखी वाढ." मी वाढला. भाजी पुन्हा मागितली नाही, फक्त वरणभात. सोमवारी ती कधी दुसऱ्यांदा भात घेत नसे, ऑपरेशननंतर तर एरवीही नाही. मला तिची दया आली आणि रागही आला. हिला काहीच कळत नाही, असं वाटलं. बाबा तिकडे पडलेत आणि ही भात मागते आहे. पंधरा वर्षांच्या मुलीला असा राग येऊ शकतो, हे मी आज कबूल करते. ती शेवटचं शीतही बोटाने टिपून जेवली. तेवढ्यात दोनचा भोंगा वाजला. ती उठली, मागे जाऊन हात धुतले. मला आवाज द्यावा लागला नाही, काका तिथेच होते.

त्यांनी सांगितलं तेव्हा ती नळापाशी उभी होती. काकांनी दोनदा सांगितलं, ऐकलं नाही असं वाटून. तिने चूळ भरली, आत येऊन बाबांचं ताट उचललं, नळाखाली राखेने घासलं, विसळलं, पुसलं आणि फळीवर उभं करून ठेवलं. मग जिथे जेवली होती तिथेच पाटावर येऊन बसली आणि कपाळ जमिनीला टेकवलं. मिश्रा चाची धावत आल्या, बंगाली काकू आल्या, लाईन भरली. बायका एकमेकींना सांगत होत्या की बरं झालं, बेचारी खाना खा चुकी थी. मी ते ऐकत होते.

तुमसरहून आत्या आली ती दुसऱ्या दिवशी सकाळी. बाबा तिचा धाकटा भाऊ, तिने अंगाखांद्यावर वाढवलेला. ती छाती पिटत आली आणि पिटतच राहिली. कोणीतरी विजूला विचारलं असेल, तू काही खाल्लंस का, तर त्याने भोळेपणाने सांगून टाकलं की काल आम्ही जेवलो, मायने दोनदा भात घेतला. आठ वर्षांचा होता तो. आत्याने ते ऐकलं. बाबांना नेऊन आणल्यावर, सगळ्या बायका बसल्या असताना, ती म्हणाली, "माहा भाऊ तिकडं पडून होता अन् हे इकडं दोनदा भात घेऊन जेवली. त्याच्याच ताटात."

खोलीत वीसेक बायका असतील. मी दाराशी उभी होते. मला बोलता आलं असतं. तिला माहीत नव्हतं, मीच खोटं सांगितलं, मीच वाढलं, एवढी तीन वाक्यं. देवाजी काका बाहेर पुरुषांत होते, त्यांनाही बोलावता आलं असतं. मी नखाने चौकटीचा रंग खरवडत राहिले. माय मान खाली घालून बसली होती, तिने आत्याकडे पाहिलंही नाही आणि माझ्याकडेही नाही. संध्याकाळी शेजारच्या घरून पिठलंभात आला, मर्तिकानंतरचा पहिला, कडू घास द्यायचा म्हणून. आत्यानेच ताट वाढून तिच्यापुढे ठेवलं. तिने चार घास गिळले. मिश्रा चाचींनी उठता उठता विचारलं, "खाना हुआ, बहन?" माय म्हणाली, "खाल्लं."

दहाव्यानंतर देवाजी काका टिफिन घेऊन आले. तिन्ही पुडं लख्ख घासलेली, नव्यासारखी. माझा हात सवयीने वरच्या पुडाकडे गेला. विजू तर पुढे येऊन उभाच राहिला होता. आत काही नव्हतं. माय म्हणाली, ठेव वर. तो टिफिन पुन्हा कधी खाली निघाला नाही.

त्यानंतरची वर्षं मी भराभर सांगते, कारण ती तशीच गेली. मी बारावी झाल्यावर बाबांच्या जागी मला ऑफिसात लावून घेतलं. आमचं क्वार्टर टिकलं, विजू शिकला. देवाजी काकांची बदली नंदिनी नगरला खाणीवर झाली. दिवाळीला ते यायचे, ओट्यावर बसायचे, पण आमच्या घरी पाण्याशिवाय काही घेत नसत. मायने कितीदा तरी म्हटलं असेल. ते म्हणायचे, जेवून आलो वहिनी. एकदा दुपारी एकच्या सुमारास आले होते, तोंड सुकलेलं, तरी तेच.

आणि माय. तिने कोणाचं वाईट केलं नाही, कोणाशी भांडली नाही, आम्हाला जेवू घालण्यात कसूर केली नाही. आम्ही जेवलो का ते ती पूर्वीसारखंच विचारायची. पण स्वतःबद्दल तिने तो शब्द सोडला. ताटावर बसायची, भात घ्यायची, मी वाढायचे, सगळं तिच्याच नियमाने व्हायचं; आणि विचारलं की सांगायची, "खाल्लं." विजूच्या लग्नात मांडवात पंगत बसली होती, विहीणबाई वाकून विचारत होत्या, जेवलात ना नीट? ही म्हणाली, "खाल्लं जी." त्या बिचाऱ्या ओशाळल्या, काही कमी पडलं की काय म्हणून. मला तेव्हा तोंड लपवावंसं वाटलं. तो शब्द तिच्याकडून मी काढून घेतला, असा माझा हिशेब होता. आत्याचं ते वाक्य नात्यात सगळीकडे फिरलं होतं, तुमसरपासून साकोलीपर्यंत. दोनदा भात घेणारी. लग्नाकार्यात बायका तिला वाढताना एकमेकींकडे बघायच्या. मी एकदाही कोणाला थांबवलं नाही.

नवं राज्य होऊन भोपाळहून आमचा कारभार रायपूरला यायच्या बातम्या पेपरात येऊ लागल्या होत्या, त्या हिवाळ्यात मी ते बोलले. सुखबतीची सून तुरीच्या ओल्या शेंगा देऊन गेली होती. आम्ही दोघी आंगणात उन्हाला बसून सोलत होतो. पेरू तोडून टाकला होता, त्या जागी विजूने स्कूटरसाठी शेड केली होती. मला काय झालं माहीत नाही. कदाचित उन्हामुळे असेल, ती फार म्हातारी दिसत होती. मी म्हणाले, माय, त्या दिवशी तू बाबांचं विचारलंस आणि मी 'हो, जेवले' म्हणाले, ते खोटं होतं. काकांनी मला आधीच सांगितलं होतं. आत्या बोलली तेव्हाही मी गप्प बसले.

तिने शेंग सोलली, दाणे टोपल्यात टाकले, साल बाजूला ठेवलं. म्हणाली, "मले मालूम होतं."

मला वाटलं, काकांनी नंतर सांगितलं असेल. ती म्हणाली, कोणी नाही सांगितलं. "दोनचा भोंगा वाजाचा होता. देवाजी भावजीची ए शिफ्ट. एक वाजता ते दारात कावून उभे? अन् म्हनते जेवून घ्या." तिने आणखी एक शेंग सोलली. "तुझ्या बाबानं सोता त्या बाईले सांगतलं होतं तसंच."

एवढी साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. सगळ्या घराचं घड्याळ ज्या भोंग्यावर चालायचं, तोच मी त्या दिवशी विसरले होते. मग मी विचारलं, तर तू जेवलीस कशी? ताट घेऊन बसलीस कशी?

"तू चुलीपाशी होती. तुह्या हातातली काडी विझून राहिली होती. म्या म्हटलं, हे पोरगी आता माह्यासाठी खोटं बोलन, बोलू दे." तिने हात थांबवले. "अन् जोवर मी जेवून राहिली होती तोवर कोनी मले सांगनार नव्हतं. ताटावर बसलेल्या मानसाले कोनी सांगत नाही. म्हनून पुन्हा भात मांगतला. भूक नव्हती मले, सुमे. तो भात संपला का तुझे बाबा जानार होते."

शेंगा संपल्या तेव्हा ऊन शेडच्या पत्र्यावर गेलं होतं. मी दाणे धुतले, वाटले, त्याची आमटी केली. माय पाटावर बसली, मी वाढलं, ती एकदाच भात घेऊन उठली. संध्याकाळी मिश्रा चाची, आता काठी टेकत, फाटकाशी आल्या आणि त्यांनी विचारलं.

"खाल्लं," माय म्हणाली.

इतकी वर्षं तो शब्द मला टोचत होता. त्या संध्याकाळी तो टोचला नाही, त्यापेक्षा वाईट झालं. मला कळलं की माय खरं तेच सांगत आली होती. ती शेवटची जेवली ती त्या सोमवारी, बाबांच्या ताटात, दोनचा भोंगा वाजेपर्यंत. आणि मी मनात म्हणत होते, लवकर जेव.